बँकॉक ही पार्श्वभूमी नव्हे

काम कुठूनही करता येतं, तेव्हा माणूस कुठे राहतो याला आता काही अर्थ उरलेला नाही, असं सांगणारी मंडळी मराठीत वाढत चालली आहे. लग्नकार्यात भेटणारे भाचे-पुतणे हे सांगतात, अंकांतले लेख सांगतात, यूट्यूबवरचे पुणेरी चेहरे तर रोज सांगतात. आणि हे सांगताना ज्या शहराचं नाव हमखास निघतं ते बँकॉक. मुंबईहून साडेचार तासांचं विमान, घड्याळात दीड तासाचा फरक, विसाव्या-बाविसाव्या मजल्यावरचा कोंडो, पोहण्याचा तलाव, चालत पाच मिनिटांवर बीटीएसचं, म्हणजे इथल्या उंचावरून धावणाऱ्या मेट्रोचं, स्टेशन, आणि हे सगळं बाणेरमधल्या एखाद्या बऱ्या फ्लॅटच्या भाड्यात. मी याच शहरात राहून पुण्यातल्या एका कंपनीचं काम करते. सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहिते. इथे येऊ नका असं सांगण्यासाठी मी लिहायला बसलेली नाही. यावं, जरूर यावं. माझं भांडण त्या पहिल्या विधानाशी आहे. ते खोटं आहे, आणि त्याच्यावर विसंबून येणारी माणसं स्वतःचं आणि इथल्या लोकांचंही नुकसान करतात. म्हणून त्याचा समाचार घ्यायला हवा.

सुवर्णभूमी विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीत विचारतात ते जागेबद्दलच: कुठे राहणार, किती दिवस, कशासाठी. २०२४च्या जुलैत थायलंडने भारतीयांना व्हिसाशिवाय ६० दिवस राहण्याची मुभा दिली. त्याच महिन्यात परदेशी कंपनीचं काम दुरून करणाऱ्यांसाठी ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ सुरू झाला, ज्याला इथे सगळे डीटीव्ही म्हणतात. मुदत पाच वर्षांची, दर खेपेला १८० दिवसांचा मुक्काम, मूळ शुल्क १० हजार बाट, आणि खात्यात किमान पाच लाख बाट असल्याचा पुरावा. बाटचा भाव अडीच रुपये धरला तरी ही रक्कम साडेबारा लाख रुपये होते. शिवाय नोकरीचा करार किंवा आपल्या कामाचे दाखले द्यावे लागतात. थाई कंपनीची नोकरी या व्हिसावर करता येत नाही.

या दोन सोयींतला फरक सल्ला देणारे सांगत नाहीत. साठ दिवसांची मुभा दिली ती पर्यटनासाठी आणि व्यवसायाच्या अल्प मुदतीच्या कामांसाठी. त्या मुभेवर यायचं, मुदत संपत आली की शेजारच्या देशात जाऊन शिक्का मारून परत यायचं आणि असंच वर्ष-दोन वर्षं रेटायचं, ही युक्ती ‘सगळेच करतात’ या दोन शब्दांच्या जोरावर शिकवली जाते. हे दोन शब्द खिडकीतल्या अधिकाऱ्यापुढे कामाला येत नाहीत. त्याच्या मनात आलं तर तो पुढच्या विमानाने परत पाठवतो, आणि ज्याने सल्ला दिला तो तेव्हा फोनही उचलत नाही.

करांचं तर कुणी नावच काढत नाही. कॅलेंडर वर्षात १८० दिवस किंवा त्याहून जास्त इथे काढले की तुम्ही थायलंडचे करनिवासी ठरता. २०२४पासूनच्या नियमानुसार, करनिवासी माणसाने परदेशात कमावलेलं उत्पन्न थायलंडमध्ये आणलं तर त्यावर इथे कर लागू होतो. भारताचा प्राप्तिकर कायदाही दिवसच मोजतो. १८२ दिवसांची मर्यादा आपल्याकडच्या कुठल्याही सीएला झोपेतून उठवून विचारा. दोन देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे खरा, पण त्याचा फायदा आपोआप पदरात पडत नाही, त्यासाठी दोन्हीकडचे कागद चोख ठेवावे लागतात. तुम्ही राहायला आलात की घरमालकाने २४ तासांत तशी खबर इमिग्रेशनला द्यायची असते. सलग ९० दिवस राहिलात की तुम्ही स्वतः पत्ता पुन्हा कळवायचा असतो. ठिकाणा बिनमहत्त्वाचा झाला म्हणे. इथे तर दर तीन महिन्यांनी सरकार तो विचारतं.

घड्याळाबद्दल थोडक्यात. पुण्याचं ऑफिस साडेनऊला उघडतं तेव्हा इथे अकरा वाजलेले असतात, म्हणून मला सकाळ मोकळी मिळते. पण ज्याचा ग्राहक अमेरिकेत आहे त्याचं गणित उलटं होतं. उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसहा आणि बँकॉकला रात्रीचे आठ, हिवाळ्यात नऊ. हिंजवडीत मध्यरात्रीनंतर संपणारी पाळी इथे पहाट बघूनच संपते. अशी मुलं माझ्या इमारतीत आहेत. ती दुपारी उठतात, मागवलेलं जेवतात, अंधार पडला की पुन्हा कामाला बसतात, आणि शहर त्यांना सेव्हन-इलेव्हनच्या दिव्यांपुरतं माहीत असतं.

आणि शरीर तर कुठेतरी असावंच लागतं. २८ मार्च २०२५, शुक्रवार, दुपारी एक वाजून वीस मिनिटं. पुण्यात बारा वाजायला दहा मिनिटं कमी होती आणि आमची साप्ताहिक बैठक चालू होती. टेबलावरच्या ग्लासातलं पाणी आधी हललं, मग पडद्याची दांडी, मग सगळी खोली डोलायला लागली, एका बाजूला गेली की सावकाश परत येई. हजार किलोमीटरवर म्यानमारात, मंडालेजवळ, ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला होता. बँकॉक मऊ चिकणमातीवर उभं आहे, आणि दुरून येणाऱ्या अशा संथ लाटा ही माती आणखी वाढवते. उंच इमारतींना तर त्या फारच झुलवतात. एकविसाव्या मजल्यावरून जिन्याने उतरताना माझ्या पुढे एक बाई मांजर टॉवेलात गुंडाळून चालली होती आणि भिंतीच्या गिलाव्याचे पापुद्रे तिच्या केसांवर पडत होते. आम्ही उतरत होतो तेव्हा इमारतीचे दोन रखवालदार वर चढत होते, प्रत्येक मजल्यावर दारं ठोठावत. खाली आल्यावर पाहिलं तर वरच्या तलावाचं पाणी दर्शनी भिंतीवरून ओघळत होतं. पुण्यातली बैठक तोवर माझ्याविना पुढच्या मुद्द्यावर गेली होती. त्यात कुणाची चूक नाही. त्यांच्या पायाखालची जमीन स्थिर होती, माझ्या नव्हती. याहून जास्त महत्त्व जागेला काय असायचं?

त्या दिवशी बीटीएस बंद पडली आणि लाखो लोक सुखुमवित रस्त्यावरून पायी घरी गेले. रात्री महापालिकेने उद्यानं उघडी ठेवली, लोक लुंपिनी पार्कात झोपले. चातुचाकला राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाची बांधकाम चालू असलेली गगनचुंबी इमारत काही सेकंदांत पत्त्यांच्या बंगल्यासारखी खाली बसली. ढिगाऱ्याखाली मेलेले बांधकाम मजूर होते, त्यांत म्यानमारहून पोटासाठी आलेले अनेक. माझ्यासारख्या कित्येक परदेशी लोकांनी त्याच आठवड्यात तिकीट काढून ‘जरा शांत होईपर्यंत’ दुसरं शहर गाठलं. मजुरांच्या बायका ढिगाऱ्याजवळ मांडवात आठवडेच्या आठवडे बसून राहिल्या. ‘कुठूनही’ हा शब्द कोणाला परवडतो आणि कोणाला नाही, हे तिथे उघड्यावर दिसत होतं.

हवेचं सांगायचं तर त्याच वर्षाच्या जानेवारीत सूक्ष्म धूलिकण इतके वाढले की शहर प्रशासनाने ३५०हून अधिक शाळा बंद ठेवल्या, लोकांनी गाड्या काढू नयेत म्हणून सरकारने आठवडाभर रेल्वे आणि बस फुकट केल्या. ऊस आणि भाताचं पाचट जाळणं, वाहनांचा धूर, आणि थंडीत जमिनीलगत अडकून बसणारी हवा, यांनी दर हिवाळ्यात हे होतं. सल्ल्यांतले व्हिडिओ बहुधा नोव्हेंबरात काढलेले असतात.

आता स्वस्ताईकडे येते, कारण जागेला अर्थ नाही या मताचा सगळा भार तिच्यावर आहे. बँकॉक स्वस्त आहे, हे कुणाच्या पगारात मोजून? १ जुलै २०२५पासून इथलं किमान वेतन दिवसाला ४०० बाट आहे. महिन्याला सव्वीस दिवस भरले तर १० हजार ४०० बाट. ऑन नुत भागातल्या ज्या एका खोलीच्या कोंडोला आपली मुलं ‘फक्त बारा-पंधरा हजार’ म्हणतात, त्या खोलीचं भाडं ती खोली झाडणाऱ्या बाईच्या महिन्याच्या कमाईहून जास्त आहे. बीटीएसच्या मधल्या पट्ट्याचं पूर्ण तिकीट ४७ बाट. जाऊन-येऊन ९४, म्हणजे दिवसाच्या मजुरीचा जवळजवळ चौथा हिस्सा. त्यामुळे मेट्रो दाराशी असली तरी ती बाई मेट्रोने येत नाही. ती पंखावाल्या लाल बसने येते, आठ बाटांत, रहदारीत तासभर अडकून. किंवा बोटीने.

सेन सेप कालव्याची बोट एकदा प्रत्येकाने पाहावी. एकोणिसाव्या शतकात, तिसरा राम या थाई राजाच्या काळात खणलेला हा कालवा शहर पूर्व-पश्चिम कापत जातो. लांबुळकी बोट धक्क्याला लागते न लागते तोच सुटते. उतरणारे आणि चढणारे दोराला धरून एकाच वेळी पाय टाकतात. पाणी काळं असतं आणि त्याला वास येतो. समोरून दुसरी बोट आली की कडेला बसलेले लोक एका हाताने दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर करतात, लाट ओसरली की सोडतात. हे कुणी कुणाला सांगत नाही. शाळेचा गणवेश घातलेली मुलगी ओढते, बँकेत जाणारा इस्त्रीच्या शर्टातला माणूस ओढतो. तिकीट देणारी बाई डोक्याला हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या काठावरून चालत येते, कारण पूल इतके ठेंगणे आहेत की मान चुकवली नाही तर कपाळमोक्ष ठरलेला. एका हाताने छताची दांडी धरून दुसऱ्या हाताने ती नाणी मोजते. दोन्ही काठांना काचेच्या इमारती आहेत आणि त्यांतल्या एखाद्या मजल्यावर कुणीतरी आपल्या मित्राला कळवत असतं की इथे जगणं किती सोपं आहे.

ते सोपं कशामुळे झालं आहे, एवढंच मला विचारायचं आहे. सोईच्या, म्हणजे इथल्या गल्लीच्या, तोंडाशी नारिंगी जाकीट घालून बसणारे मोटरसायकलवाले, ज्यांना इथे विन म्हणतात, स्टेशनपासून दारापर्यंत पोचवतात, औषध आणून देतात, कागद पोचवतात. क्लाउदिओ सोप्रान्झेत्ती या मानववंशशास्त्रज्ञाने या चालकांवर अख्खं पुस्तक लिहिलं. यांच्यातले बहुसंख्य इसानचे, म्हणजे ईशान्येच्या कोरडवाहू पट्ट्यातले. मागे शेती, आईवडील, बऱ्याचदा पोरंही गावाला. कोकणातला चाकरमानी गणपतीला मुंबई सोडतो तसं सोंगक्रानला, म्हणजे एप्रिलच्या मध्यातल्या थाई नववर्षाला, यांच्यामागे निम्मं बँकॉक रिकामं होतं. सोईतलं गॅरेज बंद, सोमतामचा, म्हणजे कच्च्या पपईच्या कोशिंबिरीचा, ठेला बंद, धोबी बंद. त्या चार दिवसांत कळतं की ज्याला आपण शहराची सोय म्हणत होतो ती चार-पाचशे किलोमीटरवरून आलेली माणसं होती. यांतल्या कुणालाही दुरून काम करता येत नाही. आपल्याला ते करता यावं म्हणून त्यांना इथे असावं लागतं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. आम्ही पैसा आणतो, असं ‘कुठूनही’वाले मित्र म्हणतात. आमच्या खर्चावर त्याच विनचं, त्याच ठेल्याचं घर चालतं. खरं आहे, आणि मला ते नाकारायचं नाही. भाड्यांच्या बाबतीतही मी इतरांइतकी घाई करणार नाही. लिस्बनबद्दल जो आरोप होतो, की परदेशी लॅपटॉपवाल्यांनी स्थानिकांना घराबाहेर काढलं, तो जसाच्या तसा बँकॉकवर लादता येत नाही. इथे न विकलेले कोंडो ढिगाने पडून आहेत. पण ते पडून का आहेत? थायलंडमध्ये घरगुती कर्ज देशाच्या एकूण उत्पन्नाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास जाऊन पोचलं आहे, आणि बँका तरुण थाई लोकांचे गृहकर्जाचे अर्ज मोठ्या प्रमाणात फेटाळतात. कायद्याने एका इमारतीतल्या ४९ टक्के क्षेत्रापर्यंत परदेशी मालकी चालते. म्हणजे इथल्या मुलीला जो फ्लॅट घेता येत नाही त्यात आपण भाड्याने राहतो. आपण तिला हाकललं नाही हे मान्य. पण तिची अडचण ही आपल्या स्वस्ताईची अट आहे, हे समजून घेतल्याशिवाय ‘आम्ही पैसा आणतो’ एवढंच म्हणणं अपुरं आहे. पैसा गिऱ्हाईकही आणतं. राहणाऱ्याकडून थोडी जास्त अपेक्षा असते.

कर भरणं ही त्यातली पहिली. २००१ साली थायलंडने तीस बाटांत उपचार देणारी सार्वत्रिक आरोग्य योजना सुरू केली, आणि श्रीमंत नसलेल्या देशाने हे करून दाखवलं म्हणून जगभर तिचा अभ्यास होतो. आपल्याला ती लागू नाही. आपल्याला विमा घ्यावा लागतो आणि तो घेतलाच पाहिजे, कारण इथल्या नामांकित खासगी रुग्णालयांची बिलं मुंबईतल्या पंचतारांकित रुग्णालयांनाही मागे टाकतात. पण आपण ज्या पदपथांवर चालतो, ज्या कालव्यांमुळे पावसाळ्यात घर कोरडं राहतं, भूकंपानंतर ज्या अभियंत्यांनी भिंतींतल्या भेगा तपासल्या, त्यांचा खर्च कुणीतरी देतं. भूकंपानंतर शहरातल्या हजारो लोकांनी ‘ट्रॅफी फोंड्यू’ या तक्रारव्यवस्थेवर भेगांचे फोटो पाठवले आणि पालिकेने ते पाहिले. त्यात माझ्याही जिन्याचा फोटो होता. १८० दिवस उलटल्यावर आपला करांचा अर्ज भरायचा, इथे आणलेल्या पैशाचा हिशेब द्यायचा, हे मला ओझं वाटत नाही.

जागेला अर्थ नाही या मताच्या बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला आहे. तो मोकळिकीचा. रात्री अकराला मी एकटी घरी चालत येते आणि पाठीमागून येणाऱ्या पावलांकडे माझं लक्ष नसतं. ज्या बाईने पुण्या-मुंबईत ऑफिसच्या कॅबची वाट बघण्यात उमेदीची वर्षं घालवली तिला याची किंमत सांगावी लागत नाही. तिशी उलटलेल्या अविवाहित मुलीला इथे कुणी सोसायटीच्या बैठकीत बोलावून तुमच्याकडे कोण येतं-जातं हे विचारत नाही. आणि जानेवारी २०२५पासून थायलंडमध्ये समलिंगी विवाह कायदेशीर आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३मध्ये तसा हक्क मान्य करण्याचं नाकारलं. दोन मराठी मुली इथे रीतसर विवाहित असू शकतात, आणि मुंबईला विमानातून उतरताच कायद्याच्या लेखी एकमेकींच्या कुणी नसतात.

हे सगळं मनापासून मान्य. पण यातून सिद्ध काय होतं? ही मोकळीक वाय-फायने दिलेली नाही. ती या जागेने दिली आहे. तो विवाहाचा कायदा बँकॉकच्या रस्त्यांवर आणि संसदेत वर्षानुवर्षं झगडलेल्या माणसांनी मिळवला. रात्रीची माझी सोई सुरक्षित आहे कारण कोपऱ्यावर भाताची पेज विकणारी बाई एक वाजेपर्यंत बसते, तिच्या पलीकडे विन बसतात, रखवालदार खुर्ची रस्त्यावर काढून बसतो. २०१४च्या लष्करी उठावानंतर पदपथ मोकळे करण्याच्या नावाखाली हजारो फेरीवाल्यांना शहरभर उठवण्यात आलं. जिथून ते उठले तिथला रस्ता रात्री भकास होतो, हे तिथून एकट्याने जाणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. राचप्रसोंगच्या चौकात आज मॉलच्या वरच्या मजल्यांवर आपले लोक लॅपटॉप उघडून बसतात. २०१०च्या एप्रिल-मे महिन्यांत त्याच परिसरात लाल शर्टवाल्यांचं सरकारविरोधी आंदोलन सैन्याने मोडून काढलं आणि शहरात नव्वदहून अधिक माणसं मेली. हा इतिहास माहीत नसला तरी कॉफी मिळते. पण जिथे राहतो ते ठिकाण आपलं व्हायचं असेल तर तो माहीत हवा, आणि सोईतल्या पाट्या वाचण्याइतकी थाई लिपीही यायला हवी. चव्वेचाळीस व्यंजनं आहेत. मराठी माणसाला क, ख, ग, घची रांग ओळखीची वाटते आणि महिन्या-दोन महिन्यांत अक्षरं लागायला लागतात.

जागेला महत्त्व नाही या विधानाचं सगळ्यात भयंकर रूप मात्र याहून वेगळं आहे. ‘ऑनलाइन काम, ठिकाण बँकॉक, तिकीट आमचं’ अशा जाहिराती आपल्या तालुक्यांपर्यंत पोचल्या आहेत. सप्टेंबर २०२२मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने संगणकाचं शिक्षण घेतलेल्या तरुणांना या जाहिरातींबद्दल सावध केलं होतं. सुवर्णभूमीला उतरलेल्या मुलांना गाडीत बसवून पश्चिमेला माए सोतपर्यंत नेतात, नदी ओलांडून म्यानमारातल्या म्यावाडीच्या कुंपणाआड कोंडतात, पासपोर्ट काढून घेतात आणि लोकांना फसवणारे संदेश पाठवायला बसवतात. मार्च २०२५मध्ये भारत सरकारने वायुसेनेच्या विमानांनी दोन दिवसांत अशा ५४९ भारतीयांना माए सोतहून परत आणलं. महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांनीही त्यानंतर या तळांवर अडकलेल्यांना सोडवलं. लॅपटॉप त्यांच्यापुढेही होता, इंटरनेटही होतं. पण आपण नक्की कुठे आहोत, हेच त्यांना घरी कळवता येत नव्हतं. ‘कुठे काम आहे ते महत्त्वाचं नाही’ हे वाक्य ज्या पोराच्या कानावर सतत पडलं आहे, तो पत्ता न विचारता गाडीत बसतो. म्हणून हे वाक्य मला निरुपद्रवी वाटत नाही.

शेवटचा मुद्दा कंपन्यांचा, कारण या सगळ्यात त्या सहज सुटतात. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी कंपन्या भरतीच्या जाहिरातीत ‘हवं तिथून काम करा’ असं ठळक लिहितात. उमेदवार रुजू झाला आणि बँकॉकहून काम करण्याचं लेखी पत्र मागायला गेला की सूर बदलतो. दुसऱ्या देशात माणूस बसवला तर तिथे कंपनीला कर लागू होईल, ग्राहकाची माहिती देशाबाहेर जाईल, अशी कारणं पुढे येतात. ती खरीही असतात. पण मग होतं काय? मनुष्यबळ विभागातलं कुणीतरी खाजगीत सांगतं, जा, फक्त आम्हाला सांगू नका, व्हीपीएन लावा. म्हणजे कंपनीची जाहिरात शाबूत, जोखीम सगळी त्या मुलाच्या गळ्यात. डीटीव्हीला नोकरीचा कागद हवा आणि तो देणाऱ्याने हात वर केलेले, म्हणून तो पर्यटक म्हणून येतो, खिडकीत खोटं बोलतो, आजारी पडला तर कंपनीच्या विम्यावर दावाही लावू शकत नाही, कारण कागदोपत्री तो कोथरूडमध्ये असतो. भूकंपाच्या दिवशी अशी मुलं माझ्या इमारतीखाली उभी होती. बैठकीला का नव्हतास याचं उत्तर काय द्यायचं, यावर त्यांची चर्चा चालली होती, कारण खरं कारण सांगणं म्हणजे नोकरी घालवणं होतं.

तेव्हा यायचं ठरवलेल्यांनी कोंडोचे फोटो बघण्याआधी एक काम करावं. नोकरीच्या मुलाखतीतच विचारावं: देश, शहर आणि मुदत लिहून, कंपनीच्या सहीशिक्क्यानिशी पत्र देणार का? कर कुठे कापणार, आणि विमा त्या देशात चालेल का? ‘बघू, नंतर करू’ असं उत्तर आलं तर ते नकारच आहे असं धरून चालावं. आणि कंपनीला हे पत्र देता येत नसेल तर तिने जाहिरातीतून ती ओळ काढावी आणि तिच्या जागी ‘भारतातून कुठूनही’ असं स्पष्ट छापावं.